पाणी कुठवर आलं होतं? – सांगलीत घर घेताना आणि सजवताना

किल्लीवाला:

नमस्कार मंडळी. मी सांगलीत घरं, फ्लॅट, भाड्याच्या जागा दाखवतो. एजंट म्हणा, दलाल म्हणा, राग नाही. बावीस वर्षं झाली या धंद्यात. इथं घरसजावटीचे धागे वाचतो, फोटो सुंदर असतात, पण आमच्या गावाला त्यातलं निम्मं लागू पडत नाही. म्हणून हा धागा.

सांगलीत गिऱ्हाईक घराच्या दारात उभं राहिलं की पहिला प्रश्न काय विचारतं? भाव नाही, दिशा नाही, पार्किंग नाही. "पाणी कुठवर आलं होतं?" आणि उत्तर ऐकताना माणूस तुमच्या तोंडाकडं बघत नाही, भिंतीकडं बघतो.

बाहेरगावच्यांसाठी थोडं. कृष्णेची पातळी आम्ही आयर्विन पुलापाशी मोजतो. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ फूट म्हणजे धोका. २००५ ला पाणी ५३ फुटांच्या पुढं गेलं. लोक म्हणाले, आयुष्यात एकदाच येतो असला पूर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ५७ च्या पुढं गेलं. २०२१ च्या जुलैत परत ५४ च्या वर. त्यामुळं आता सांगलीत पूर बघितलेल्या प्रत्येक घराला एक रेष आहे, पाणी जिथवर चढलं त्याची. काही ठिकाणी ती दिसते, काही ठिकाणी रंगाखाली आहे. माझं म्हणणं एवढंच, की घराची किंमत आणि घराची सजावट दोन्ही त्या रेषेवरून ठरवा. रेषेच्या खाली एक घर, रेषेच्या वर दुसरं.

हे मला शहाणपणानं सुचलेलं नाही, फटका बसून सुचलंय. २०१७ च्या दिवाळीत खणभागाजवळ तळमजल्याचा एक फ्लॅट मी विकून दिला. २००५ ला पाणी वरच्या पायरीला लागून परत गेलं होतं. शेजारच्या तिघांनी तेच सांगितलं, मीही तेच पुढं सांगितलं, "इथं घरात पाणी येत नाही." खोटं नव्हतं बोललो. पण आयर्विनला चारेक फूट जास्त चढलं की इथं काय होईल, हा हिशोब मी कधी केलाच नव्हता. त्या कुटुंबानं हौसेनं सगळं करून घेतलं. पीओपी सिलिंग, टीव्ही युनिट, पोरीच्या खोलीत गुलाबी कपाट, किचनला ट्रॉल्या. २०१९ ला कमरेच्या वर पाणी. नऊ दिवस राहिलं. पाणी ओसरल्यावर मी गेलो तर ते गुलाबी कपाट पावासारखं फुगून दार अडवून बसलेलं. कुऱ्हाडीनं फोडून बाहेर काढलं. गृहस्थ मला एक शब्द वाईट बोलले नाहीत. "आता काय करायचं हो?" एवढंच विचारलं. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यानंतर पंधरा दिवस मी टेप आणि वही घेऊन गावभाग, खणभाग, हरभट रोड, मारुती चौक फिरलो. ज्या इमारतीत माझं येणंजाणं आहे तिथल्या ओल्या खुणा मोजल्या, फोटो काढले. २०२१ ला परत. ती वही आता माझ्या धंद्याचं मूळ भांडवल आहे. त्या वहीनं सौदे मोडलेत हेही खरं.

विचारा काय विचारायचंय ते.

चौकस:

छान लिहिलंय, पण स्पष्ट बोलतो. माझ्या अनुभवात एजंटच मालकाला सांगतात, "एक हात रंग मारून घ्या, खुणा जातील." तुम्ही अपवाद असाल. नवख्या माणसानं ओळखायचं कसं?

किल्लीवाला:

चौकस, खरं आहे तुमचं. २०१९ च्या दिवाळीपर्यंत सांगलीत रंगाऱ्यांना श्वास घ्यायला सवड नव्हती. रंग मारणं गुन्हा नाही, लपवणं वाईट.

ओळखायचं असं. दाराच्या बिजागऱ्या बघा. खालच्या दोन गंजलेल्या आणि वरची चकचकीत, म्हणजे पाणी मधल्या आणि वरच्या बिजागरीच्या मधे कुठंतरी होतं. स्विचबोर्ड पाहिजे त्यापेक्षा उंच असेल तर त्याच्या खाली भिंतीवर हात फिरवा, जुन्या खोक्याचा चौकोन बुजवलेला हाताला लागतो. जिन्याखालची मीटरची जागा बघा, तिथं रंग मारायचा कुणाच्या लक्षात राहत नाही. संडासाच्या मागच्या डक्टमध्ये मोबाइलची बॅटरी मारून बघा, गाळाची रेष तिथं वर्षानुवर्षं असते. आणि सगळ्यात सोपं म्हणजे घर बघून झालं की कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडं जा. तो कधी खोटं सांगत नाही, त्याला कमिशन नसतं.

गावभागकर:

इस्त्रीवाल्याचं लई खरं! आमच्या गल्लीतला इस्त्रीवाला तर "कोणत्या साली?" असं उलट विचारतोय. २००५, १९, २१, तिन्ही तोंडपाठ.

बाकी गावभागातली माणसं पूर आला म्हणून गाव सोडत नाहीत हेबी लिहा. गणपतीचं देऊळ, घाट, भाजी, डॉक्टर, सगळं चालत जाण्याच्या अंतरावर. चार दिवस पाहुण्यांकडं जायचं, परत यायचं, घर धुवायचं. आमची आजी पाणी वाढलं की दिवाण चार-चार विटांवर चढवायची आणि म्हणायची, "कृष्णाबाई ओटी भरायला येती."

कोल्हापूरचा_पांढरा:

आमच्याकडं पंचगंगेचं राजाराम बंधाऱ्याला मोजतात, ३९ ला इशारा, ४३ ला धोका. तुमचं सगळं आम्हाला शब्द न् शब्द लागू आहे. पण मुळात कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचं पाणी वेळेत सोडलं असतं तर ही वेळच...

किल्लीवाला:

पांढरेसाहेब, हात जोडतो. अलमट्टीवर वेगळा धागा काढा, मी स्वतः येऊन दोनशे प्रतिसाद देतो. इथं घरापुरतं बोलू.

पुण्यातली_माहेरवाशीण:

किल्लीवाले दादा, नेमकी वेळेवर भेटलात. माझं माहेर गावभागात. तळमजला आमचा, वर काकांचा. आई गेल्यापासून बाबा माझ्याकडे पुण्यात आहेत, आता ते घर विकायचं ठरतंय. माझा भाऊ बंगळुरूला असतो. त्याचं म्हणणं, विकायच्या आधी मॉड्युलर किचन, फॉल्स सिलिंग, नव्या लाइट्स एवढं करून घेऊ, पाच-सहा लाख घातले तर दहा वसूल होतील. त्याने कुठेतरी व्हिडिओ पाहिलाय. मला पटत नाहीये पण सांगता येत नाहीये का ते. स्वयंपाकघरात अजून आईचा कडप्प्याचा ओटा आणि कडप्प्याचीच मांडणी आहे.

किल्लीवाला:

ताई, भावाला सांगा एक रुपया घालू नको.

कारण सांगतो. तुमचं घर घेणारा माणूस बहुतेक गावभागातलाच, नाहीतर दोन गल्ल्या सोडून. बाहेरचा माणूस २०१९ नंतर नदीकडच्या बाजूला तळमजला घेत नाही, तो विश्रामबागेत, मिरज रोडला बघतो. आणि गावातल्या माणसाला ठाऊक आहे की कडप्प्याची मांडणी तीन पूर बघून जागेवर आहे. तुम्ही ती फोडून प्लायच्या ट्रॉल्या बसवल्या तर तो मनातल्या मनात ट्रॉल्या काढायचा खर्च किमतीतून वजा करेल. उलटा हिशोब होतो. फॉल्स सिलिंगनं तर माळा जातो. सांगलीत तळमजल्याला भक्कम आरसीसी माळा म्हणजे बँकेतली ठेव. गिऱ्हाईक मान वर करून झुंबर नाही बघत, माळा किती खोल आहे ते बघतं.

करायचं ते हे: पोपडे खरवडून साधा डिस्टेंपर मारा, आणि तोही भिंत पूर्ण कोरडी असेल तर. गळके नळ बदला. दारं पावसात फुगून घासत असतील तर रंधा मारून घ्या. खिडक्या पुसा. बास.

पैसे घालायचेच तर कागदावर घाला. सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर अजून आजोबांचं नाव आहे का, आईचं नाव होतं का, वारस नोंद झाली का, काकांबरोबर वाटणीपत्र नोंदवलेलं आहे का, हे आधी बघा. तळमजला आमचा आणि वरचा काकांचा हे तोंडी असेल तर तिथं घोडं अडणार. जुन्या घरांचे दहा सौदे मोडले तर त्यातले सात कागदानं मोडतात. हा माझा अंदाज हो, मोजलेला नाही.

पुण्यातली_माहेरवाशीण:

वाटणी तोंडीच आहे बहुतेक. बाबांना विचारते. ते म्हणतात "भावाभावांत कागद कशाला."

किल्लीवाला:

हे वाक्य मी आठवड्यातून एकदा ऐकतो. काका हयात आहेत तोवर करून घ्या ताई. पुढच्या पिढीत तेच वाक्य कुणी म्हणत नाही.

रंधा:

मी सुतारकाम करतो, कुपवाडला. किल्लीवाल्यांना +१. पण प्लायला सरसकट नावं ठेवू नका. गिऱ्हाईक "मरीन प्लाय वापरा, पुरात काही होत नाही ना?" असं विचारतं. आयएस ७१० चा, म्हणजे मरीन प्लायच्या मानकाचा, असली माल ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून तपासतात, थर सुटायला नाही पाहिजेत. तेवढं बरोबर. पण पुराचं पाणी म्हणजे उकळलेलं पाणी नव्हं. त्यात गाळ असतोय, गटार असतंय, डिझेल असतंय. प्लाय टिकला तरी स्क्रू गंजतात, चॅनेल जाम होतात, सनमायका कडेनं सुटतो, आणि वास जात नाही. दीड वर्षांनी पावसाळी हवा पडली की कपाट उघडल्यावर परत तो वास.

एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड, म्हणजे लाकडाचा भुसा-तंतू दाबून केलेल्या फळ्या, तळमजल्याला कुणी सांगितलं तर त्याला दारात उभं करू नका. ऑनलाइन घेतलेलं बहुतेक तेच असतंय. जुना सागवान मात्र धुवून, सावलीत वाळवून, तेलपाणी केलं की परत उभा राहतो. उन्हात टाकू नका, फाटतो. २०१९ ला लोकांनी घाईनं रस्त्यावर उन्हात टाकलेली आजोबांची कपाटं बघून वाईट वाटायचं.

रेघ_आणि_रंग:

मी इंटिरिअरची कामं करते, सांगली-मिरजेत. किल्लीवाल्यांची "रेषेखाली एक घर, रेषेवर दुसरं" ही कल्पना आम्हीही वापरतो, फक्त असं नाव दिलं नव्हतं.

२०१९ नंतर लोकांनी घाबरून हॉलमध्ये चार-साडेचार फुटांपर्यंत पांढऱ्या टाइल्स लावल्या. सोय झाली, पण पाहुणा बसला की त्याला दवाखान्यात बसल्यासारखं वाटतं. तसं करायची गरज नाही. फरशी मोठ्या मापाची, रंग मातकट किंवा हिरवट, सांधे इपॉक्सीचे, आणि वर एक काळ्या दगडाची पट्टी. डोळ्याला ती पट्टी सजावट वाटते, घरच्यांना माहीत असतं ती कशाची आहे. खडबडीत दगडाचं क्लॅडिंग मात्र नको. फोटोत छान दिसतं, पण खाचांत बसलेला गाळ टूथब्रशनं काढावा लागतो. माझ्याच एका क्लायंटनं काढलाय, मला फोनवर ऐकवत ऐकवत.

गावभागातल्या एका घरात सोफा नाकारून भिंतीला लागून विटांची बांधीव बैठक केली, वर कडप्पा, त्यावर गाद्या आणि लोड. पाणी यायचं म्हटलं की गाद्या माळ्यावर, बैठक जागेवर. मधोमध झोपाळा, पितळी कड्यांचा. झोपाळ्याच्या कड्या छतात असतातच, २०२१ ला त्यांनी त्याच कड्यांना दोर लावून डायनिंग टेबल वर टांगलं. मी डिझाइन केलं नव्हतं हे, श्रेय त्यांचं.

चौकस:

डायनिंग टेबल छताला! फोटो पाहिजे.

रेघ_आणि_रंग:

घरमालकांची परवानगी नाही. त्यांच्या सासूबाई म्हणाल्या, "जगाला आमचं टेबल कशाला दाखवता."

निवृत्त_अभियंता:

विजेबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. स्विचबोर्ड वर घेणं पुरेसं नाही. तळमजल्याच्या प्लगांचं सर्किट वेगळं काढून त्याला वेगळा ब्रेकर द्या, म्हणजे खाली पाणी शिरलं तरी तेवढंच बंद करून वरचे दिवे चालू ठेवता येतात. अर्थात बाहेरचा पुरवठा सुरू असेल तर. इन्व्हर्टर आणि बॅटरी जमिनीवर ठेवायची सवय सोडा.

दुसरं, पूर दारातून येतो असं सगळ्यांना वाटतं. पहिल्यांदा तो संडासातून येतो. गटार उलटं वाहतं. बाहेरच्या चेंबरला नॉन रिटर्न व्हॉल्व्ह बसवा आणि पाणी वाढतंय म्हटल्यावर भांड्यात वाळूची पिशवी दाबून ठेवा. दारापुढं वाळूची पोती रचून बसलेल्या माणसाच्या मागून घर भरलेलं मी पाहिलंय.

अपार्टमेंटवाल्यांनी लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन मग बंद करायची. तळाच्या खड्ड्यात अडकली तर खर्च सगळ्या सोसायटीला.

नव्याने_सांगलीत:

मी बदली होऊन आलोय, भाड्याने बघतोय. एका एजंटने सांगितलं "दुसरा मजला आहे, तुम्हाला पुराचं काय?" बरोबर आहे का?

किल्लीवाला:

अर्धं बरोबर. तुमचं सामान वाचेल. पण २०१९ ला वरच्या मजल्यावरची माणसं अडकली होती. वीज नाही, प्यायला पाणी नाही, खाली आठ फूट पाणी, घरात म्हातारी माणसं. बोटी आल्या तेव्हा सुटका झाली. म्हणून दुसऱ्या मजल्याला वेगळा प्रश्न विचारायचा: "रस्ता कितीला बंद होतो?" म्हणजे आयर्विनला किती फूट झालं की तुमच्या गल्लीतून गाडी बाहेर निघत नाही. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर, कर्नाळ रोडकडच्या लोकांना इशारा पातळीच्या आधीच सामान हलवावं लागतं. इतर ठिकाणी अजून वेळ मिळतो. ज्याच्या घरी आजारी माणूस आहे त्यानं हा आकडा बघून घर घ्यावं, मजला बघून नाही.

भाड्याचा करार मात्र नोंदवून घ्या. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सची नोंदणी सक्तीची आहे, अकरा महिन्यांचा असला म्हणून सूट नाही. आणि त्यात एक ओळ घालून घ्या, पुरात घर राहण्याजोगं राहिलं नाही तर त्या दिवसांच्या भाड्याचं काय. मालक कुरकुर करतात, पण घालतात. २०१९ ला या एका ओळीवाचून मी किती भांडणं मिटवली त्याला गणती नाही.

गावभागकर:

आणि मगरीचं सांगा की त्यांना, नवीन आहेत 😀

नव्याने_सांगलीत:

मगर??

किल्लीवाला:

नदीत आहेत हो, खऱ्या आहेत. दुसऱ्या मजल्यावर येत नाहीत.

चौकस:

किल्लीवाले, एक अवघड प्रश्न. नदीकाठच्या पूररेषा, निळी आणि लाल, यांचा घर घेताना अर्थ काय? बिल्डरचा माणूस म्हणाला "आमचं सँक्शन आहे, काळजी नको."

किल्लीवाला:

निळी रेषा म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येईल अशा पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा. नदी ते निळी रेषा हा निषिद्ध पट्टा, तिथं नवीन बांधकाम नाही. निळी आणि लाल यांच्या मधे बांधता येतं, पण अटी आहेत. जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर, म्हणजे दीड फूट वर पाहिजे. म्हणून "सँक्शन आहे" एवढ्यावर समाधान मानू नका. मंजूर नकाशा मागा, त्यावर जोत्याची पातळी बघा, मग जागेवर जाऊन बघा. कागदावरचं जोतं आणि प्रत्यक्षातलं जोतं यांची भेट झालेली असतेच असं नाही.

नदीपासून लांब गेलं म्हणजे सुटलो असंही नाही. शामरावनगरकडं नदी न येताही पावसाचं पाणी साचून राहतं, जमीन काळी आणि सखल. शिवाय तिकडं बरेच प्लॉट गुंठेवारीतले, म्हणजे मंजुरीशिवाय गुंठ्यागुंठ्यानं पाडून विकलेले. गुंठेवारीचा कायदा २००१ चा, २०२१ ला मुदत वाढवून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं नियमित करायची सोय झाली. सोय झाली म्हणजे तुमच्या मालकानं ती घेतली असं नव्हे. नियमितीकरणाचा दाखला हातात घेतल्याशिवाय विसार देऊ नका. मी इथं दोन पाहुण्यांचे सौदे थांबवलेत, दोघंही अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.

गृहिणी_विश्रामबाग:

आम्ही २०२० ला गावातलं घर भाड्यानं देऊन इकडे फ्लॅट घेतला. खरं सांगू का, इथे पाणी येत नाही म्हणून मी मनसोक्त सजवलं. लाकडी फरशी, खालपर्यंत पडदे, जमिनीला टेकलेली कपाटं. आणि तरी पहिले दोन पावसाळे मी रात्री उठून गॅस सिलिंडर ओट्यावर ठेवत होते. मिस्टर हसायचे.

रेघ_आणि_रंग:

ताई, हसू नका म्हणावं त्यांना. माझ्याकडे विश्रामबागेतल्या तिसऱ्या मजल्यावरचे लोकसुद्धा "स्विच जरा वर घ्या" म्हणतात.

रंधा:

मला तर एकानं चौथ्या मजल्यावर स्टीलच्या पायांचं कपाट करायला लावलं. पैसे दिले, मी केलं.

चौकस:

हे सगळं ऐकून मला वाटतं तळमजला घेऊच नये. एजंट म्हणून तुम्ही असं का म्हणत नाही? स्पष्ट सांगा की.

किल्लीवाला:

म्हणत नाही, कारण तळमजला घेणाऱ्याला मी ओळखतो. त्याच्या आईचे गुडघे गेलेले असतात, किंवा त्याचं दुकान पुढच्या खोलीत असतं, किंवा त्याच्याकडं तेवढेच पैसे असतात. "घेऊ नका" म्हणणं सोपं आहे, ते ज्याच्याकडं पर्याय आहे त्याला म्हणावं. बाकीच्यांना मी वहीतला आकडा सांगतो, "हॉलमध्ये २०१९ ला चार फूट दोन इंच, २०२१ ला एक फूट" आणि भाव त्या आकड्यावरून पाडून देतो. मालक चिडतात. एक मालक म्हणाले, "तुम्ही माझे एजंट की पाण्याचे?"

आणि अशा घराला विमा काढायला लावतो. २०२१ पासून भारत गृह रक्षा नावाची ठरावीक नमुन्याची पॉलिसी सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांकडं मिळते, त्यात पूर धरलेला असतो. प्रत्येक खोलीचे, सामानाचे फोटो जूनच्या आधी काढून मेलवर ठेवा. पूर आल्यावर आठवत नाही घरात काय काय होतं. खणभागातल्या त्या कुटुंबानं यादी करायला घेतली तेव्हा वहिनींना आधी मुलीच्या बाहुल्या आठवल्या, फ्रिज तिसऱ्या दिवशी आठवला.

पुरानंतरच्या रंगाचंही इथंच सांगतो. पाणी ओसरल्यावर लोकांना वाटतं दसऱ्याच्या आत घर पहिल्यासारखं दिसावं. ओल्या भिंतीवर पुट्टी आणि वर चकचकीत लस्टर मारतात. भिंत आतून ओली, बाहेरून तोंड बंद. चार महिन्यांत फुगे, मग लोणा, मग परत रंग. एक उन्हाळा जाऊ द्या. तोवर चुना मारा, स्वस्त आहे, भिंत श्वास घेते. २०१९ नंतर ज्यांनी चुन्यावर एक वर्ष काढलं त्यांच्या भिंती मी आजही अभिमानानं दाखवतो. जुन्या वाड्यांच्या पांढऱ्या मातीच्या भिंतींचा विषय वेगळा. त्या पुरात टिकल्या तरी पाणी उतरल्यावर पडू शकतात. तिथं रंगाचा नाही, राहायचं की नाही याचा सल्ला घ्या, आणि तो माझ्याकडून नको, स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून घ्या.

नव्याने_सांगलीत:

वाचनखूण साठवली. उद्या जे घर बघणार आहे तिथल्या बिजागऱ्या बघून येतो.

(दोन दिवसांनी)

नव्याने_सांगलीत:

बघितल्या. तिन्ही नव्या आहेत.

किल्लीवाला:

मग इस्त्रीवाल्याकडं जा.

नव्याने_सांगलीत:

गेलो. म्हणाला, "कोणत्या साली?"

गावभागकर:

😀😀 झालात तुम्ही सांगलीकर.

(तीन आठवड्यांनी)

पुण्यातली_माहेरवाशीण:

धागा वर काढतेय. बाबांना घेऊन सांगलीला जाऊन आले. काका कागद करायला तयार आहेत, वकील बघितला. भाऊ किचनचा हट्ट सोडायला तयार नव्हता, मग मी त्याला व्हिडिओ कॉलवर आईच्या मांडणीचा मागचा भाग दाखवला. गाळाची रेष तशीच आहे, आणि कडप्पा कुठे हललेलाही नाही. तो गप्प झाला.

दुसरं म्हणजे देवघराच्या दारामागे बाबांनी पेन्सिलीने तीन खुणा करून ठेवल्या आहेत. प्रत्येकीपुढे तारीख आणि वेळ, त्यांच्या बँकेतल्या अक्षरात. मला माहीतच नव्हतं. रंगारी येणार आहे शुक्रवारी. बाबा म्हणतात तेवढा भाग सोडून रंगवा, घेणाऱ्याला कळायला हवं. भाऊ म्हणतो वेड लागलंय, घेणारा पळून जाईल. दादा, तुमचं काय मत? आणि घर तुम्ही दाखवाल का?

किल्लीवाला:

दाखवतो ताई, माझ्यासाठी मानाची गोष्ट आहे. दारामागचा भाग रंगाऱ्याला सोडायलाच सांगा, वर कागद चिकटवून ठेवा म्हणजे चुकून ब्रश फिरणार नाही. पळणारा पळू दे, तो विसार देऊन पळण्यापेक्षा आधी पळालेला बरा. मी शुक्रवारी सकाळी रंगाऱ्याच्या आधी टेप घेऊन येतो, वहीत तुमच्या गल्लीचा २००५ चा आकडा अजून कोरा आहे.

फक्त बाबांना एक विचारून ठेवा. त्या घरात आधी शहाबादी होती, वर नंतर टाइल्स बसवल्यात ना? पहिली खूण मोजायची ती जुन्या फरशीपासून की नव्या?